बेरजेची वाढ आणि गुणाकाराची वाढ

इतिहासाच्या शिक्षकाने गणितातील श्रेढींविषयी लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु शाळेच्या या स्मरणिकेत काय लिहावे याचा विचार करताना, आपल्या मुलांनी दहावी होऊन वसतिगृहाचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी कोणती एक गोष्ट शिकलीच पाहिजे, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. बेरजेने वाढणारी संख्या आणि गुणाकाराने वाढणारी संख्या यांतील फरक ओळखता येणे, हे त्याचे माझे उत्तर आहे. हा फरक न कळल्यामुळे माणसांच्या जमिनी गेल्या आहेत आणि त्याचा वापर करून उपाशी माणसांना त्यांच्याच उपासमारीचा दोष देण्यात आला आहे. हा विषय केवळ गणिताच्या तासिकेचा आहे, असे म्हणूनच मला वाटत नाही.

प्रथम मूळ कल्पना थोडक्यात पाहू. ज्या क्रमिकेत प्रत्येक पुढचे पद मागील पदात एकच ठरावीक संख्या मिळवून येते, ती अंकगणिती श्रेढी होय. 5, 8, 11, 14 या क्रमिकेत दर वेळी 3 मिळवले आहेत. ज्या क्रमिकेत प्रत्येक पुढचे पद मागील पदाला एकाच ठरावीक संख्येने गुणून येते, ती भूमिती श्रेढी होय. 5, 15, 45, 135 या क्रमिकेत दर वेळी 3 ने गुणले आहे. ओळखण्याची कसोटीही सरळ आहे. लगतच्या पदांची वजाबाकी करावी. ती सर्वत्र सारखी आली तर श्रेढी अंकगणिती. लगतच्या पदांचा भागाकार करावा. तो सर्वत्र सारखा आला तर श्रेढी भूमिती. दोन्ही सारखे आले नाहीत, तर ती क्रमिका या दोहोंपैकी कोणतीच नाही. 1, 4, 9, 16 ही वर्गसंख्यांची क्रमिका अशीच तिसऱ्या प्रकारची आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. दोन पदांवरून कधीही निर्णय करू नये. 2 नंतर 4 आले, तर पुढे 6 येईल की 8, हे कोणालाच सांगता येणार नाही. बेरजेची वाढ असेल तर 6, गुणाकाराची असेल तर 8. तिसरे पद हाती आल्यावाचून वाढीचा स्वभाव कळत नाही. इतिहासातही दोन सालांचे आकडे शेजारी ठेवून ‘असेच चालत राहणार’ असे भाकीत करणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याकडे आपण तिसरे पद मागावे.

‘भूमिती श्रेढी’ हे नाव विद्यार्थ्यांची दिशाभूल करते, असे माझे मत आहे. मुलांना वाटते की हिचा त्रिकोण आणि वर्तुळ यांच्याशी संबंध असावा. गुणोत्तर श्रेढी हे नाव त्यामानाने बोलके आहे. वर्गात तर शिक्षकांनी बेरजेची श्रेढी आणि गुणाकाराची श्रेढी असेच म्हणावे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत पुस्तकी नाव लिहिता येते. समज मात्र सोप्या नावाने लवकर येते.

ही विद्या आपल्या मातीला परकी नाही. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’ या ग्रंथात श्रेढीव्यवहार नावाचे प्रकरणच आहे. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आढळते. त्या काळी ही विद्या कोणाला खुली होती आणि कोणाला बंद होती, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. आज ती खुली आहे. म्हणूनच ती वाऱ्यावर सोडणे परवडणार नाही.

लीलावतीतील दोन उदाहरणे शेजारी ठेवली की दोन्ही वाढींचा स्वभाव स्पष्ट होतो. एका उदाहरणात एक राजा शत्रूचे हत्ती पकडण्यासाठी निघतो. पहिल्या दिवशी तो 2 योजने चालतो, पुढे रोज ठरावीक अंतर वाढवतो आणि सात दिवसांत 80 योजने पार करतो. ही रोजची वाढ 22 सप्तमांश, म्हणजे तीन योजनांहून किंचित अधिक येते. सातव्या दिवशीही त्याची चाल एकवीस योजनांच्या आतच राहते. दुसऱ्या उदाहरणात एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट देण्याचे वचन देतो. पहिल्या आठवड्याची त्याची सगळी देणगी 254 कवड्या, म्हणजे त्या काळच्या चार पणांपेक्षाही कमी भरते. त्याला वाटले असेल, स्वस्तात पुण्य मिळाले. तीस दिवसांचा महिना संपतो तेव्हा देणे 214 कोटी 74 लाख 83 हजार 646 कवड्यांवर गेलेले असते. त्याचे तब्बल 1,04,857 निष्क होतात आणि वर काही द्रम्म उरतात. पहिल्या आठवड्यात निरुपद्रवी दिसणारी वाढ चौथ्या आठवड्यात माणसाला बुडवते, हे आठशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे.

आता दात्याच्या जागी कर्जदार ठेवा आणि एकोणिसाव्या शतकातील पुणे व नगर जिल्ह्यांत या. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली आणि पाहता पाहता हे लोण शेजारच्या गावांत पसरले. इतिहासाच्या पुस्तकात याला दख्खनचे दंगे म्हणतात. या उठावातील एक तपशील महत्त्वाचा आहे. शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकाराच्या कर्जरोख्यांवर आणि चोपड्यांवर होता. रोखे मागायचे, मिळाले की जाळायचे, असा त्यांचा क्रम होता. अक्षरशत्रू म्हणून हिणवल्या गेलेल्या त्या माणसांना आपली फसगत कागदावर कोठे बसली आहे, हे नेमके कळले होते.

ती कशी बसली होती, हे श्रेढीच्या भाषेत मांडता येते. आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता. व्याजाची थकबाकी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करू नये, शंभराचे फार तर दोनशे घ्यावेत, असा त्याचा अर्थ. ब्रिटिश सरकारने 1859 मध्ये मुदतीचा कायदा केला आणि कर्जरोख्याला तीन वर्षांचीच मुदत ठेवली. व्याज वर्षानुवर्षे साचू नये, हा त्यामागील हेतू. परंतु सावकाराने त्यातून वेगळीच वाट काढली. दर तीन वर्षांनी तो कुळाकडून नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि त्या नव्या रोख्यात जुने मुद्दल व थकलेले व्याज मिळून होणारी रक्कम मुद्दल म्हणून मांडू लागला.

समजा कर्ज 100 रुपयांचे आणि दर शेकडा 2 रुपये महिना. हा आकडा केवळ समजण्यासाठी घेतला आहे. तीन वर्षांचे सरळव्याज 72 रुपये होते. कुळाने काहीच फेडले नाही आणि रोखाही बदलला नाही, असे धरले तर बारा वर्षांनी सरळव्याजाने रक्कम 388 रुपये होते. दामदुपटीचा दंडक पाळला तर ती 200 वर थांबते. आता रोखा दर तीन वर्षांनी बदलू. पहिल्या बदलाला 172 रुपये, सहा वर्षांनी सुमारे 296, नऊ वर्षांनी सुमारे 509 आणि बारा वर्षांनी 875 रुपये होतात. प्रत्येक रोख्याच्या पोटात वाढ बेरजेची आहे; एका रोख्यावरून दुसऱ्या रोख्यावर जाताना मात्र ती 1.72 ने गुणली जाते. शिवाय नव्या रोख्यात व्याजाचेच मुद्दल झाल्यामुळे दामदुपटीची मर्यादाही दर वेळी वर सरकते. एका अंगठ्याने बेरजेची श्रेढी गुणाकाराच्या श्रेढीत बदलून जात होती. अंगठा उमटवणाऱ्याला व्याजाचा दर तोच दिसत होता. बदलला होता तो त्या दराचा पाया.

पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. या कायद्याने न्यायालयांना केवळ रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता व्यवहाराचा सारा पूर्वेतिहास मुळापासून तपासण्याचा अधिकार दिला. मला या तरतुदीत इतिहास आणि गणित हातात हात घालून चाललेले दिसतात. शेवटचे पद पाहून निवाडा करू नका, श्रेढी पहिल्या पदापासून तपासा, असेच ती सांगत होती.

कोणी म्हणेल, हे जुने झाले. आजच्या खासगी उसनवारीतही ‘शेकडा तीन’ हा शब्द वस्त्यावस्त्यांतून ऐकू येतो. 10,000 रुपये महिना शेकडा 3 दराने घेतले आणि काही फेडले नाही, असे समजू. तीन महिन्यांनी सरळव्याजाने 10,900 रुपये होतात आणि दरमहा चक्रवाढीने 10,927. फरक केवळ 27 रुपयांचा. त्यासाठी कोण वाद घालणार? एका वर्षाने 13,600 आणि 14,258 होतात. फरक आता साडेसहाशेच्या वर जातो. पाच वर्षांनी सरळव्याजाने 28,000 होतात, तर चक्रवाढीने 58,916. आरंभी दोन्ही वाटा एकमेकींना जवळजवळ चिकटून चालतात आणि माणूस सही करतो तो नेमका या आरंभीच. फरक डोळ्यांनी दिसू लागतो तेव्हा परतीची वाट उरलेली नसते. म्हणून फरक ओळखायचा तो डोळ्यांनी नव्हे, वजाबाकी आणि भागाकार करून.

साखळी योजनांचेही असेच आहे. ‘तुम्ही फक्त पाच जण आणा, ते प्रत्येकी पाच आणतील’ असे सांगणारे गोडबोले लोक आपल्या वस्त्यांत येतात. पाच, पंचवीस, सव्वाशे, सव्वासहाशे असे आकडे सुरुवातीला आवाक्यातले वाटतात. तेराव्या पायरीवर 122 कोटी माणसे लागतात. 2011 च्या जनगणनेत भारताची सगळी लोकसंख्या 121 कोटी होती. म्हणजे पाळण्यातल्या बाळासकट साऱ्या देशाला सभासद केले तरी तेरावी पायरी भरत नाही. अशा पैसाफिरवणीच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा 1978 सालीच झाला आहे. कायद्याचे पुस्तक जवळ नसले, तरी पाचाचा पाढा तेरा वेळा चढवून पाहणारी मुलगी घरात असेल, तर त्या घराचे पैसे वाचतात.

या दोन शब्दांचा दुरुपयोग कसा होतो, हेही मुलांना कळले पाहिजे. 1798 साली इंग्लंडमध्ये थॉमस रॉबर्ट माल्थस यांनी लोकसंख्येवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. अडथळा नसेल तर लोकसंख्या दर पंचवीस वर्षांनी दुप्पट होत 1, 2, 4, 8 अशी वाढते आणि अन्न मात्र 1, 2, 3, 4 असे वाढते. दोनशे वर्षांत लोकसंख्या 256 पट आणि अन्न 9 पट होईल, असे त्यांनी मांडले. पंचवीस वर्षांचा दर त्यांनी उत्तर अमेरिकेच्या अनुभवावरून घेतला होता. अन्नाची वाढ बेरजेचीच राहील, याला मात्र तेवढाही आधार नव्हता. हेच माल्थस 1805 पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी येथील महाविद्यालयात इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवत होते. भारतावर राज्य करण्यास निघालेले तरुण या महाविद्यालयात तयार होत. पुढे 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळात व्हाइसरॉय लिटन यांच्या राज्यकारभारात हाच विचार डोकावताना दिसतो: माणसे अन्नापेक्षा वेगाने वाढतात, त्याला सरकार काय करणार? त्याच काळात देशातून धान्याची निर्यात चालू होती आणि दुष्काळी कामावर राबणाऱ्या मजुराचे वेतन दिवसाला एक रत्तल धान्य व वर किरकोळ पैसे इतके खाली आणण्यात आले होते. भुकेचे कारण धोरणात शोधण्याऐवजी श्रेढीत शोधले, की राज्यकर्त्याची सुटका होते.

माल्थस यांचे गणित चुकीचे नव्हते. 1, 2, 4, 8 ही भूमिती श्रेढीच आहे. प्रश्न असा आहे की प्रत्यक्ष जग त्या श्रेढीने चालले का? 1800 च्या सुमारास जगाची लोकसंख्या सुमारे 100 कोटी होती. 2022 मध्ये ती 800 कोटी झाली. दोनशेहून अधिक वर्षांत आठ दुपटी व्हायच्या, तेथे तीन झाल्या.

आपल्या देशाचे आकडे तर वर्गात फळ्यावर लिहून घ्यावेत असे आहेत. 1951 ते 2011 या सात जनगणनांत भारताची लोकसंख्या कोटींत अशी आहे: 36.11, 43.92, 54.82, 68.33, 84.64, 102.87 आणि 121.09. मुलांना आधी भागाकार करू द्यावा. 1961 पासूनच्या तीन दशकांत गुणोत्तर 1.25, 1.25 आणि 1.24 येते. ते जवळजवळ स्थिर आहे, म्हणजे ही तीन दशके गुणाकाराच्या वाढीची. पुढच्या दोन दशकांत ते 1.22 आणि 1.18 असे उतरते. आता वजाबाकी करावी. 1991 ते 2001 मध्ये वाढ 18.23 कोटी आणि 2001 ते 2011 मध्ये 18.22 कोटी, जवळजवळ तेवढीच. म्हणजे त्या वीस वर्षांत देशाची वाढ बेरजेच्या चालीवर आली होती. वर सांगितल्याप्रमाणे दोन फरकांवरून कायमचा नियम बांधता येत नाही. परंतु ‘लोकसंख्या भूमिती श्रेढीनेच वाढते’ असे आजही भाषणांतून ठोकून देणाऱ्याला उत्तर द्यायला हे सात आकडे पुरेसे आहेत. अमुक समाजाचे, अमुक वस्तीचे लोक ‘झपाट्याने वाढतात’ असे कोणी म्हणाले, तर कोणते आकडे, किती पदांचे आणि फरक स्थिर की गुणोत्तर, एवढे तीन प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला हवा आहे.

शाळेचा अभ्यासक्रम या बाबतीत अपुरा पडतो. आपल्या राज्याच्या सध्याच्या पाठ्यपुस्तकांत आठवीला चक्रवाढ व्याज येते आणि दहावीला अंकगणिती श्रेढी. भूमिती श्रेढी अकरावीच्या गणितात आहे. परिणाम असा, की दहावीनंतर गणित सोडणारा किंवा शिक्षणच सोडावे लागणारा विद्यार्थी दोन्ही श्रेढी एकमेकींशेजारी ठेवून कधी पाहतच नाही. आठवीचे व्याज हीच अकरावीची श्रेढी आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. आपल्या मुलांपैकी कितीजण अकरावीच्या गणितापर्यंत पोहोचतात, याचा विचार प्रत्येक पालकाने आपल्या आजूबाजूस पाहून करावा.

काही सहकारी म्हणतात, मोबाईलमध्ये गणकयंत्र असताना हा खटाटोप कशासाठी? गणकयंत्र मिळवते आणि गुणतेही. पण येथे मिळवायचे की गुणायचे, हे ते सांगत नाही. तो निर्णय माणसाचा आहे. पगारदारांना एक परिचित उदाहरण देतो. पाचव्या वेतन आयोगातील 5000-150-8000 ही वेतनश्रेणी अनेकांना आठवत असेल. दरसाल 150 रुपये, न कमी न जास्त. ती अंकगणिती श्रेढी होती. सहाव्या आयोगापासून वेतनवाढ 3 टक्के झाली आणि मूळ वेतन गुणाकाराने वाढू लागले. बहुतेकांनी पगाराचा वाढलेला आकडा पाहिला. वाढीची जातच बदलली, हे फार थोड्यांच्या लक्षात आले.

बाबासाहेबांचे कोलंबिया आणि लंडन येथील डॉक्टरेटचे प्रबंध प्रांतिक वित्तव्यवस्था आणि रुपयाचा प्रश्न या विषयांवरचे होते. त्यांच्या ग्रंथांतून आकड्यांचे तक्ते वगळून आपण फक्त भावना घेतली, तर तो वारसा अर्धाच राहील. आकड्यांची भीती बाळगणे आपल्या समाजाला शोभणारे नाही आणि परवडणारे तर मुळीच नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली शाळेसाठी: नववी-दहावीच्या प्रत्येक मुलामुलीकडून एकाच कर्जाचा पाच वर्षांचा हिशेब सरळव्याजाने आणि चक्रवाढीने, महिन्यामागून महिना, हाताने करून घ्यावा. साठ ओळी लिहिताना कंटाळा येईल. तो येऊ द्यावा. चाळिसाव्या ओळीच्या सुमारास मुले आपोआप गप्प होतात आणि आकड्यांकडे पाहू लागतात. दुसरी सूचना माझ्या विषयाच्या शिक्षकांसाठी: दख्खनचे दंगे शिकवताना सन आणि गाव यांवर न थांबता रोखा कसा बदलला जात होता, याचा हिशेब फळ्यावर मांडावा. तिसरी पालकांसाठी आणि माजी विद्यार्थ्यांसाठी: कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा, ‘हप्ता चुकला तर पुढचे व्याज मूळ रकमेवर की थकलेल्या व्याजासह?’ उत्तर तोंडी न घेता लेखी घ्यावे आणि घरातल्या शिकत्या मुलाकडून पाचव्या वर्षाचा आकडा काढून घ्यावा. त्या मुलाला उत्तर काढता आले नाही, तर तो कागद घेऊन शाळेत यावे. आपल्या शाळेचे दार अशा कागदांसाठीही उघडे असले पाहिजे.